क्ष-किरणांची मात्रा

आपल्याकडे ‘मात्रा’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. मात्रा म्हणजे औषध, आणि मात्रा म्हणजे त्या औषधाचें प्रमाण. सहाणेवर बाळगुटी उगाळणारी घरांतील आजीसुद्धां हळकुंडाचे वेढे किती आणि मुरुडशेंगेचे किती हें मोजून उगाळीत असे, व मुलाच्या वयाप्रमाणें ते वेढे वाढवीत नेई. गुण आणि अपाय यांमधील अंतर पुष्कळदां असल्या चार-दोन वेढ्यांचेंच असतें, हें ज्ञान तिला परंपरेनें मिळालेलें होतें. परंतु अर्वाचीन वैद्यकाच्या इतिहासांत एक शक्ति अशी अवतरली कीं, तिचा उपयोग जगानें तिच्या जन्मानंतर दोन-तीन महिन्यांतच सुरू केला, आणि तिचें सर्वमान्य माप मात्र तेहतीस वर्षांनीं ठरविलें. ती शक्ति म्हणजे क्ष-किरण. मधल्या काळांत काय घडलें, आणि माप ठरल्यानंतरही तें हातीं घेऊन उभा राहणाऱ्या मनुष्यास इस्पितळाच्या निदानविभागांत जागा मिळण्यास किती विलंब लागला, याचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असें कोणीं समजूं नये. ज्या घरांत कपाटावर क्ष-किरणचित्रांचा एखादा मोठा लिफाफा पडलेला नाहीं, असें घर आज शहरांत शोधावें लागेल. चित्र काढणारा तंत्रज्ञ आपण पाहतों. चित्र वाचून अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांची सही आपणांस कागदावर दिसते. परंतु त्या खोलींतील यंत्रानें आपल्या शरीरांत किती शक्ति सोडली, ती आवश्यक तेवढीच होती कीं दुप्पट होती, आणि उमटलेलें चित्र खरें आहे कीं यंत्राच्या दोषानें फसवें झालें आहे, हें पाहणारा एक तिसरा मनुष्य असतो, किंवा असावयास पाहिजे. त्यास इंग्रजींत मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. आपण त्यास इस्पितळांतील पदार्थविज्ञानवेत्ता म्हणूं. रोग्याची आणि त्याची गांठ बहुधा पडत नाहीं. त्याचें काम बिनचूक झालें म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि जें घडलें नाहीं त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. म्हणून त्याचा इतिहास सांगावयाचा तर तो नव्हता त्या काळापासूनच आरंभ केला पाहिजे.

१८९५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस जर्मनींतील व्हुर्झबर्ग येथील विद्यापीठांत विल्हेल्म कोनराड राँटगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक निर्वात कांचेच्या नळींतून विजेचा प्रवाह सोडून प्रयोग करीत होते. नळीवर काळा कागद घट्ट गुंडाळलेला असतांही कांहीं अंतरावरील रासायनिक लेपाचा पडदा अंधारांत उजळलेला त्यांच्या दृष्टीस पडला. पुढील सहा-सात आठवडे त्यांनीं या एका गोष्टीचाच ध्यास घेतला. २२ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपली पत्नी बेर्था हिचा हात फोटोच्या कांचेवर ठेवून चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें आणि एका हाडाभोंवतीं तरंगत असल्यासारखी अंगठी एवढेंच दिसत होतें. २८ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपला पहिला निबंध सादर केला. या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा शोध वैद्याचा नव्हता. तो ज्यानें लाविला तो आपल्या प्रयोगशाळेंत परत गेला, आणि त्याचें यंत्र तेवढें इस्पितळांत गेलें.

यंत्र गेलें तें अतिशय वेगानें गेलें. १८९६ च्या जानेवारींतच इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जॉन हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरांनीं रोग्याच्या हातांत रुतलेली सुई या किरणांनीं शोधून दाखविली. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, सर्जन-मेजर बीव्हर यांनीं हें यंत्र लढाईच्या तळापर्यंत नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या हुडकून काढल्या. शल्यवैद्याच्या सुरीला जणूं डोळे फुटले. या उपकाराचें मोल कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं; उलट, उपकार एवढा प्रत्यक्ष होता म्हणूनच त्याची किंमत विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

त्या काळच्या नळींत थोडी हवा शिल्लक राहात असे, आणि वापरतां वापरतां तिचें प्रमाण बदलत जाई. त्यामुळें एकच नळी आज ‘मऊ’ तर उद्यां ‘कडक’ किरण देई. चित्र घेण्यापूर्वीं नळीची परीक्षा करणें भाग होतें, आणि त्या परीक्षेचें सर्वांत सोपें साधन प्रत्येकाजवळ होतें. तें म्हणजे स्वतःचा हात. नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्यें आपला पंजा धरावयाचा, हाडें कितपत स्पष्ट दिसतात तें पाहावयाचें, आणि मग रोग्यास पुढें घ्यावयाचें, असा शिरस्ता पडून गेला. हें दिवसांतून कित्येक वेळां आणि वर्षानुवर्षें चाले. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ ही आपली म्हण या मंडळींनीं अजाणतां आचरणांत आणिली. हात असतांना मापाचें निराळें यंत्र कशाला, असेंच त्यांस वाटलें असावें.

क्ष-किरणांचा कावा असा आहे कीं ते लागतांना चटका बसत नाहीं. विस्तवावर हात पडला तर तो आपोआप मागें येतो. येथें हात मागें घे म्हणून सांगणारें कोणीच नाहीं. कातडी लाल होते ती कांहीं दिवसांनीं, फुटते ती कांहीं महिन्यांनीं, आणि त्या न भरणाऱ्या व्रणांत कर्करोग उद्भवतो तो कांहीं वर्षांनीं. कारण आणि कार्य यांच्यामध्यें एवढा काळ लोटला म्हणजे मनुष्य एकाचा संबंध दुसऱ्याशीं जोडीत नाहीं. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत क्ष-किरणांच्या नळ्या तयार करणारे क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात तोडावे लागले, आणि १९०४ सालीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. एडिसन यांनीं या किरणांचा नाद सोडून दिला. वर ज्यांचें नांव आलें त्या हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात १९०८ सालीं कोपराखालीं कापावा लागला. फिलाडेल्फिया येथील डॉ. मिहरान कसाबियन यांनीं तर आपल्याच हातांच्या बिघडत जाणाऱ्या अवस्थेचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं, आणि १९१० सालीं तेही गेले.

मापाचे प्रयत्न मुळींच झाले नाहींत असें नाहीं. व्हिएन्ना येथील गिडो होल्झक्नेख्ट यांनीं १९०२ सालीं किरणांनीं रंग पालटणाऱ्या रासायनिक द्रव्याच्या साह्यानें मात्रा मोजण्याची युक्ति काढिली. १९०४ च्या सुमारास पॅरिस येथें सबुरो आणि नुआरे या दोघांनीं तशाच रंग बदलणाऱ्या टिकल्या प्रचारांत आणिल्या. पण रंगाची पारख डोळ्यांनीं करावयाची. दिव्याच्या उजेडांत एक रंग दिसे, सूर्यप्रकाशांत दुसरा. इतर ठिकाणीं तर रोग्याची कातडी लाल होईपर्यंत दिलेली मात्रा हेंच एकक मानीत. म्हणजे धान्य मोजावयाचें तें पायलीनें न मोजतां जेवणाऱ्याचें पोट दुखेपर्यंत वाढावयाचें, आणि पोट दुखलें तेव्हां एक माप झालें असें समजावयाचें, असा हा प्रकार होता. शिवाय एकाची कातडी दुसऱ्यासारखी नसते, आणि कातडीच्या आंत खोलवर काय झालें हें तिच्या रंगावरून समजत नाहीं. होल्झक्नेख्ट यांस स्वतःच्या मापाचा आधार पुरला नाहीं. बोटें आणि मग हात गमावून १९३१ सालीं ते या किरणांच्याच दुखण्यानें वारले.

पहिल्या महायुद्धांत या अज्ञानाची व्याप्ति वाढली. १९१४ सालीं मादाम मारी क्यूरी यांनीं मोटारगाड्यांतून क्ष-किरणयंत्रें आघाडीजवळच्या इस्पितळांत पोंचविण्याचें काम अंगावर घेतलें. त्यांची मुलगी इरेन ही त्या वेळीं अवघी सतरा वर्षांची होती, तीही त्यांत सामील झाली. असंख्य जखमी सैनिकांचे प्राण व अवयव या यंत्रांनीं वांचविले. मादाम क्यूरी १९३४ सालीं रक्ताच्या विकारानें वारल्या, आणि जगानें त्याचा दोष रेडियमला दिला. परंतु १९९५ सालीं त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्यें हलवितांना जी तपासणी झाली, तींत रेडियमचा अंश अपेक्षेहून कमी आढळला, आणि युद्धकाळांत अंगावर घेतलेले क्ष-किरणच अधिक कारणीभूत असावेत असा तर्क तपासणाऱ्यांनीं केला. ज्या बाईंनीं रेडियम तोळामासा वजन करून वेगळें काढिलें, त्यांच्या अंगावर पडलेल्या क्ष-किरणांचें वजन मात्र कोणीं केलें नव्हतें.

सुदैवानें याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. १९१३ सालीं अमेरिकेंत विल्यम कूलिज यांनीं तापलेल्या तारेची नवी नळी तयार केली. तींत किरणांची तीव्रता आणि भेदकता हीं दोन्ही स्वतंत्रपणें ठरवितां येऊं लागलीं, आणि काल मिळाले तसेच किरण आज मिळण्याची हमी आली. दुसरी गोष्ट म्हणजे, हे किरण हवेंतून जातांना तेथें विद्युद्भार उत्पन्न करतात आणि तो भार सूक्ष्म उपकरणानें मोजतां येतो, या तत्त्वावर माप बसविण्याची कल्पना हळूहळू मान्य झाली. १९२५ सालीं लंडन येथें जगांतील क्ष-किरणतज्ज्ञांची पहिली परिषद भरली, आणि १९२८ सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या दुसऱ्या परिषदेंत एक घन सेंटिमीटर हवेंतील विद्युद्भारावरून ठरणारें ‘राँटगेन’ हें एकक सर्वानुमतें स्वीकारलें गेलें. त्याच बैठकींत या किरणांपासून मनुष्यांचें संरक्षण करण्याचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय समितीही स्थापन झाली. १९३६ सालीं हँबर्ग येथील सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारांत या किरणांच्या पायीं बळी पडलेल्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. आरंभीं त्यावर १६९ नांवें कोरलेलीं होतीं. पुढें तीं वाढत गेलीं.

माप मिळालें तेव्हां मापणाराही इस्पितळांत आला. परंतु तो ज्या दारानें आला तें दार निदानाचें नव्हतें, उपचाराचें होतें. कर्करोगाची गांठ किरणांनीं जाळावयाची म्हणजे मात्रा थोडी चुकली तरी रोगी दगावतो किंवा गांठ उरते. तेथें गणित जाणणारा मनुष्य हवा हें शल्यवैद्यांस पटलें. न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळांत १९१५ सालीं जोआकिनो फायला आले, लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांत सिडनी रस यांनीं काम केलें, स्टॉकहोमच्या रेडियम-रुग्णालयांत रोल्फ सीव्हर्ट यांनीं मोजमापाची प्रयोगशाळा चालविली, आणि लंडनजवळील माउंट व्हर्नन इस्पितळांत लुई हॅरल्ड ग्रे यांनीं किरणांची शक्ति शरीरांत किती शोषली जाते याचा अभ्यास केला. आज सर्व जग किरणांची मात्रा ग्रे आणि सीव्हर्ट या दोन एककांत मोजतें. हीं दोन्ही नांवें इस्पितळांत नोकरी केलेल्या पदार्थविज्ञानवेत्त्यांचीं आहेत, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. १९४३ सालीं, ऐन युद्धांत, इंग्लंडांतील या मंडळींनीं आपली संघटना स्थापन केली. आपल्याकडे १९४१ च्या फेब्रुवारींत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि मादाम क्यूरी यांच्या प्रयोगशाळेंत शिकून आलेले डॉ. रामय्या नायडू तेथें काम करूं लागले. हिंदुस्थानांतील या व्यवसायाचा आरंभ त्यांच्यापासून धरितात.

निदानविभागाची गोष्ट निराळी होती. तेथें मात्रा अल्प. रोग्याची कातडी लाल होत नाहीं, हात झडत नाहींत. मग मोजावयाचें काय, असा समज सर्वत्र होता. या समजाला पहिला धक्का १९५६ सालीं बसला. ऑक्सफर्ड येथील डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनीं इंग्लंड-वेल्समध्यें कर्करोगानें दगावलेल्या लहान मुलांच्या मातांस प्रश्न विचारविले, आणि तसेच प्रश्न धडधाकट मुलांच्या मातांस विचारविले. गरोदरपणीं पोटाचें क्ष-किरणचित्र काढलेल्या मातांचें प्रमाण पहिल्या वर्गांत दुसऱ्याच्या दुपटीच्या घरांत निघालें. बाळ पोटांत नीट आहे ना, एवढें पाहण्यासाठीं ज्या काळीं असें चित्र सहज काढीत, त्या काळांत हा निष्कर्ष कोणास रुचला नाहीं. बाईंच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली. परंतु १९६२ सालीं अमेरिकेंत ब्रायन मॅकमहॉन यांनीं स्वतंत्र रीतीनें, इस्पितळांच्या जुन्या नोंदींवरून, त्याच दिशेचा निष्कर्ष काढिला, आणि गरोदर स्त्रियांचें चित्र काढण्याची प्रथा हळूहळू मागें पडली. थोडी मात्रा म्हणजे शून्य मात्रा नव्हे, हा धडा निदानविभागास असा मिळाला.

त्याच १९५६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन येथें एक लहानशी घटना घडली. तेथील ग्रूट स्खूर इस्पितळांतील पदार्थविज्ञानवेत्ता नोकरी सोडून गेला होता. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वापरावर पात्र पदार्थविज्ञानवेत्त्याची देखरेख असलीच पाहिजे, असा त्या देशाचा कायदा होता. तेव्हां विद्यापीठांत अध्यापन करणारे बत्तीस वर्षांचे ॲलन कॉरमॅक यांस आठवड्यांतून दीड दिवस इस्पितळांत बसण्याची विनंती करण्यांत आली, आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहींत त्यांनीं तें काम केलें. म्हणजे ते तेथें गेले ते कायद्याच्या एका कलमाच्या पूर्ततेसाठीं.

तेथें बसल्या बसल्या त्यांच्या लक्षांत आलें कीं, उपचाराची मात्रा ठरवितांना शरीर आंतून सर्वत्र सारखेंच आहे असें धरून हिशेब केला जातो. वास्तविक हाड, फुप्फुस आणि मांस हीं किरणांना निरनिराळ्या प्रमाणांत अडवितात. शरीराच्या प्रत्येक बिंदूची ही अडविण्याची शक्ति बाहेरून कशी काढावी? त्यांस उत्तर दिसलें तें असें: अनेक दिशांनीं किरण आरपार सोडावेत, प्रत्येक वेळीं पलीकडे किती पोंचले तें मोजावें, आणि या सर्व मोजण्यांवरून गणितानें आंतील नकाशा तयार करावा. असा नकाशा हातीं आला तर तो उपचाराप्रमाणेंच निदानालाही उपयोगी पडेल, हेंही त्यांस तेव्हांच उमगलें. १९५७ सालीं त्यांनीं लांकडाच्या कड्यांत बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर प्रयोग केला. आलेल्या आंकड्यांत मध्यभागाजवळ कांहीं विसंगति दिसली. चौकशी करतां असें निघालें कीं, कारखान्यांत ती तबकडी तयार करतांना तिच्या मध्यभागीं किरणांना किंचित् कमी अडविणारी एक खुंटी बसविली गेली होती, आणि त्याची कॉरमॅक यांस कल्पनाच नव्हती. मापानें मापणाऱ्यालाच अज्ञात असलेली वस्तु दाखविली, याहून मापाचा मोठा विजय कोणता?

त्यांचे निबंध १९६३ व १९६४ सालीं प्रसिद्ध झाले, आणि त्यांकडे जवळजवळ कोणीं लक्ष दिलें नाहीं. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत त्यांस सर्वांत मौजेचें वाटलेलें पत्र स्वित्झर्लंडमधील हिमपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आलें होतें; डोंगरावर साठलेल्या बर्फाची घनता मोजावी असा त्यांचा विचार होता. ज्या गणिताचा शोध कॉरमॅक यांनीं स्वतंत्रपणें लाविला, तें योहान राडोन या गणितज्ञानें १९१७ सालींच सोडवून ठेविलें होतें, हेंही त्यांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. इस्पितळ गणितापासून आणि गणित इस्पितळापासून किती दूर होतें, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. इंग्लंडांत ईएमआय कंपनींत काम करणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं, कॉरमॅक यांच्या कामाची माहिती नसतांना, तीच कल्पना यंत्रांत उतरविली. त्यांचें पहिलें उपकरण एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर उभें होतें, आणि एका छेदाचीं सुमारें २८,००० मापें घेण्यास त्याला नऊ दिवस लागत. १९७१ च्या ऑक्टोबरच्या १ तारखेस लंडनच्या विंबल्डन भागांतील ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळांत एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला छेद घेण्यांत आला. १९७९ सालीं हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. आपण आज ज्याला सीटी स्कॅन म्हणतों तें हेंच. त्यांतील प्रत्येक करड्या ठिपक्यामागें एक आंकडा असतो. पाण्याचा आंकडा शून्य आणि हवेचा उणें एक हजार असें ठरलेलें आहे. यामुळेंच निदानविभागांत पदार्थविज्ञानवेत्त्याचें नित्यकर्म उत्पन्न झालें. यंत्रांत पाण्यानें भरलेलें भांडें ठेवून आंकडा शून्याच्या जवळपास येतो कीं नाहीं, हें वरचेवर पाहावें लागतें. पाणी शून्यावर नसेल, तर त्या यंत्रानें गांठ म्हणून दाखविलेली वस्तु गांठच आहे याचा भरंवसा काय धरावा?

परंतु सीटीनें माहिती जशी वाढविली तशी मात्राही वाढविली. छातीच्या साध्या चित्रांत एक दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा पडते. पोटाच्या सीटींत ती आठ-दहा मिलिसीव्हर्टपर्यंत जाते. माती, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येक मनुष्यास निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते, हें तुलनेसाठीं ध्यानांत असावें. अमेरिकेंत वैद्यकीय कारणांनीं दर माणशीं पडणारी वार्षिक मात्रा १९८० च्या सुमारास अर्ध्या मिलिसीव्हर्टच्या आसपास होती; ती २००६ सालीं तिनाच्या घरांत गेली, आणि त्यांतील जवळजवळ अर्धा वाटा एकट्या सीटीचा होता.

याच काळांत एक बदल असा झाला कीं, त्याचें महत्त्व बाहेरच्या लोकांच्या लक्षांत आलें नाहीं. जुन्या फिल्मवर मात्रा जास्त पडली तर फिल्म काळी ठिक्कर होई. चित्र वाया जाई, पुन्हां काढावें लागे, आणि तंत्रज्ञास बोलणीं बसत. म्हणजे फिल्म ही स्वतःच एक ओबडधोबड मापयंत्र होती. १९८० च्या दशकापासून फिल्मच्या जागीं संगणकावर उमटणारें चित्र आलें. संगणक उजेड-अंधार आपोआप सारखा करून घेतो. मात्रा कमी पडली तर चित्र रवाळ दिसतें आणि डॉक्टर तक्रार करतात. मात्रा दुप्पट-तिप्पट झाली तर चित्र अधिकच सुरेख दिसतें आणि कोणीच तक्रार करीत नाहीं. तेव्हां कोणाच्या मनांत कांहीं वाईट नसतांही मात्रा हळूहळू वर सरकत जाते. चुकीला शिक्षा होती ती गेली, उलट चुकीला बक्षीस मिळूं लागलें. फिल्मवरील काळिमा नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं पहारेकरी म्हणून मनुष्यच उभा करणें भाग पडलें.

तो नसला किंवा त्याचा डोळा लागला म्हणजे काय होतें, हें २००९ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. लॉस एंजेलिस शहरांतील एका मोठ्या नामांकित रुग्णालयांत मेंदूचा रक्तप्रवाह पाहण्याच्या सीटी तपासणीची यंत्रावरील मांडणी बदलण्यांत आली, आणि तींत मात्रा अपेक्षेच्या आठपट झाली. चित्रें उत्तम येत होतीं. दीड वर्षांत दोनशेंहून अधिक रोग्यांवर ही तपासणी झाली. प्रत्येक वेळीं यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आंकडा उमटत होता, पण तो कोणीं वाचला नाहीं. एका रोग्याचे केस गळले तेव्हां चौकशी सुरू झाली. म्हणजे राँटगेन यांच्या शोधानंतर एकशें चौदा वर्षांनीं, जगांतील अत्यंत संपन्न शहरांत, मापाचें काम पुन्हां रोग्याच्या कातडीकडे आलें.

या कथेवरून वाचकांनीं क्ष-किरणांची धास्ती घेतली, तर मात्र आमचा हेतु फसला असें होईल. मापावांचून केलेला वापर जसा घातक तशी मापावांचून बाळगलेली भीतिही घातकच. दिवस राहिल्याचें ठाऊक नसतां एखादी स्त्री क्ष-किरणचित्र काढून घेते, आणि मागाहून घरांत हलकल्लोळ होतो. वडीलधारीं माणसें, शेजारीपाजारी, क्वचित् एखादा डॉक्टरही गर्भ पाडण्याचा सल्ला देतो. अशा वेळीं पदार्थविज्ञानवेत्ता यंत्राच्या नोंदी पाहून गर्भास पोंचलेल्या मात्रेचा हिशेब करतो. छातीच्या चित्रांत ती एका मिलिग्रेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी निघते. किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २००० सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, १०० मिलिग्रेच्या आंतील मात्रा हें गर्भपाताचें कारण मानूं नये. आणि निदानाच्या नेहमींच्या तपासण्या या मर्यादेच्या पुष्कळ खालीं राहतात. कागदावरील चार ओळींच्या या हिशेबानें एक जीव राहतो. स्ट्यूअर्ट बाईंनीं दिलेला इशारा आणि हा दिलासा यांत विरोध नाहीं. उगाच चित्र काढूं नये हें पहिलीचें सांगणें, आणि काढलें गेलें असेल तर घाबरून अनर्थ करूं नये हें दुसऱ्याचें. दोन्ही एकाच मोजणींतून निघतात.

आपल्या देशापुरतें पाहिलें तर पाया चांगला घातला गेला आहे. मुंबईस तुर्भे येथील अणुशक्तिसंस्थेनें, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें, १९६२ सालापासून या विषयाचा पदविका-अभ्यासक्रम चालू केला, आणि त्यांतून तयार झालेलीं माणसें देशांतील कर्करोग-रुग्णालयांत गेलीं. १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. उपचाराच्या विभागांत पदार्थविज्ञानवेत्त्यावांचून आज पान हालत नाहीं. परंतु निदानाच्या विभागांत, जेथें रोग्यांची गर्दी कित्येक पटींनीं अधिक असते, तेथें हा मनुष्य अद्यापि क्वचितच दृष्टीस पडतो. यंत्राची ठराविक तपासणी बाहेरून येऊन कोणी करून जातो आणि दाखला भिंतीवर लावला जातो. दाखला आवश्यक आहे; पण तो तपासणीच्या दिवसाबद्दल बोलतो. सोळा आणि बत्तीस सेंटिमीटर व्यासाचीं, डोकें आणि धड यांच्याऐवजीं धरावयाचीं तीं ॲक्रिलिकचीं नळकांडीं यंत्रांत ठेवून मात्रा मोजणें, लहान मुलासाठीं मोठ्या माणसाची मांडणी वापरली जात नाहीं ना हें पाहणें, आपल्या इस्पितळाची मात्रा इतरांच्या मानानें कोठें आहे हें ताडून पाहणें, हीं कामें वर्षांतून एकदां उरकण्याचीं नव्हेत.

खर्चाची अडचण सांगण्यांत येते, आणि ती अगदींच खोटी नाहीं. कोट्यवधि रुपयांचें यंत्र घेतांना जो हात आंखडत नाहीं तो एका मनुष्याच्या पगारासाठीं आंखडतो, याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, यंत्र मिळवून देतें तें डोळ्यांस दिसतें आणि हा मनुष्य जें टाळतो तें दिसत नाहीं. केपटाउनच्या त्या कायद्यानें एका प्राध्यापकास आठवड्यांतून दीड दिवस इस्पितळांत बसविलें नसतें, तर कदाचित् तो प्रश्न त्यांच्या मनांत उद्भवलाच नसता. आपल्या शहरांतून जेथें पांच-सहा लहान रुग्णालयें जवळजवळ आहेत, तेथें त्यांनीं मिळून असा एक मनुष्य ठेवावा. दीड-दीड दिवस वांटून घेतला तरी पुष्कळ काम होईल. आणि रोग्याच्या बाजूनें सुशिक्षित कुटुंबांनीं एवढें करावें कीं, जुनीं चित्रें आणि अहवाल जपून ठेवावेत, डॉक्टरांकडे जातांना बरोबर न्यावेत, आणि नवी तपासणी सांगितली तर ती नाकारण्यापूर्वीं वा डोळे मिटून पत्करण्यापूर्वीं, आधींच्या चित्रावर भागेल काय, एवढें नम्रपणें विचारावें. कपाटावरील तो लिफाफा रद्दींत घालूं नये, हें तर आम्ही आग्रहानें सांगूं.